थोरलीचं नाव

दवाखान्यातल्या नर्सनं खिडकीतून "ग्वाक यॉनशिम!" अशी हाक दिली आणि ती उठायच्या आधीच समोरच्या बाकावरची दुसरी एक बाई उठून उभी राहिली.

आधी तिला वाटलं, आपलेच कान वाजले. स्वतःचं नाव ऐकायची तिला सवयच राहिली नव्हती. देगूच्या त्या वसाहतीत सगळे तिला इनह्येची आई म्हणत. भाजीवाली, टपालवाला, शेजारणी, नवरासुद्धा. सासू होती तोवर ती सूनबाई होती. नाव होतं ते सरकारी कामापुरतं, हिवाळ्यातल्या जाड पांघरुणासारखं. वर्षातून एकदा बाहेर काढायचं, झटकायचं आणि पुन्हा घडी घालून ठेवून द्यायचं. पण समोरची बाई त्या नावावर अशी उठली होती, की जन्मभर दुसरं काही ऐकलंच नसावं. अंगानं भरलेली, गालांवर उन्हाचे डाग, गळ्याला भडक नारिंगी रुमाल. इनह्येची आई अर्धवट उठली, तशीच अवघडून राहिली. नर्स दोघींकडे बघून वैतागली. "यॉनशिम कोण? एकच कोण ते ठरवा. जन्मसाल काय?" "सशाचं साल," बारा जनावरांच्या फेऱ्यातलं आपलं साल ती बाई खणखणीत म्हणाली. नर्सनं इनह्येच्या आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, "माझंही तेच." यावर ती बाई मोठ्यांदा हसली. "अगंबाई! तू पण? आणि ग्वाक म्हणजे कुठले? ह्यॉनपुंगचेच ना? मग झालंच की! नाव एक, साल एक, मूळगाव एक. आपण बहिणीच गं!" बाकावरच्या बायाही हसल्या. "मला गावची बस गाठायचीय, मी आधी जाते हं," असं म्हणत त्या बाईनं तिचा दंड दाबला आणि पडदा सारून आत गेली. तिच्या पंजाची ऊब कोटाच्या बाहीतून आत उतरली आणि तिथंच राहिली. थोड्या वेळानं बाहेर येताना ती पुन्हा वाकून म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, यॉनशिमची तब्येत ठणठणीत आहे. आपण दोघी वाटून घेऊ." आणि गेली.

इनह्येची आई मग तपासणीला थांबलीच नाही. बाहेर रस्त्यावर कोबीच्या गड्ड्यांचे ढीग लागले होते. घरोघरी किमची घालायचे दिवस आले होते. कोबी घ्यायला हवा हे तिला कळत होतं, पण तिचे पाय चालत राहिले. थोरली बहीण जगली असती तर अशीच दिसली असती का, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अशीच उंच, आडव्या हाडाची, पहिल्या हाकेला उठणारी? थोरलीचा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. थोरली तिसऱ्या वर्षी गोवरानं गेली, ती हिच्या जन्माच्या आधीच्या हिवाळ्यात. लहान पोराला कुणी थडगं बांधत नाही, कुणी वर्षश्राद्ध घालत नाही. बापानं तिला गवताच्या पोत्यात गुंडाळलं, पाठीवर ओझं वाहायच्या लाकडी चौकटीवर बांधलं आणि एकटाच टेकडीवर गेला. कुठं ठेवलं ते आईला सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही. पुढं भाताच्या लावणीत ही जन्मली. कचेरी लांब, बाप आळशी. थोरलीचं नाव कमी करायचं राहून गेलं होतं आणि हिचं चढवायचंही राहून गेलं. नाव ठेवायचंसुद्धा राहिलं. घरात तिला गान्नान म्हणत. म्हणजे नुकतीच झालेली. ती चालायला लागली, बोलायला लागली, पाठीवर भाऊ बांधून पाणी आणायला लागली, तरी नुकतीच झालेलीच राहिली.

नाव मिळालं ते शाळेत. बापानं हाताला धरून मास्तरांपुढं उभं केलं. मास्तर म्हणाले, "यॉनशिम, काय?" तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. बापानं टपली मारली. "आजपासून तूच ती. ओ दे." मास्तरांनी तिच्याकडे वरून खाली पाहिलं. "कागदावर दहा वर्षांची आहे. एवढीशी?" बाप म्हणाला, "खाणं कमी पडलं." तिनं ओ दिली. त्या क्षणाची एक गोष्ट तिला अजून नेमकी आठवे: ओ देताना तोंडात ओल्या गवताचा वास आला होता. घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं, मी यॉनशिम झाले. आई तांदूळ धूत होती. तिचे हात पाण्यातच थांबले. मग तिनं पाणी ओतून दिलं, ते इतकं घाईनं की तांदूळही थोडे वाहून गेले. आईनं तिला त्या नावानं कधीच हाक मारली नाही. मरेपर्यंत नाही.

घरी पोचली तर फोन वाजत होता. उल्जिनवाली काकू होती. उल्जिनहून लग्न होऊन आली म्हणून उल्जिनवाली. तिचं नाव शेजारात कुणालाच माहीत नव्हतं, आणि अर्ध्या वसाहतीची लग्नं तिनं जुळवलेली. "कुठं होतीस गं? किती वेळ वाजवतेय! ऐक, ताएग्यूची आई परवा तुला भेटायचं म्हणतेय. मुलीची जन्मवेळ घेऊन ये. आणि ते मी सांगितलेलं लक्षात आहे ना?" तिच्या लक्षात होतं. इनह्ये घोड्याच्या सालची. त्यातून अग्निघोड्याच्या. अशी मुलगी नवऱ्याला पायाखाली घेते, सासर उधळून लावते, असं म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात पक्कं. ताएग्यू भला मुलगा, त्याला असलं काही सुचायचंही नाही. पण त्याचे आजोबा थोरल्या पातीचे, घराण्याच्या पूजा त्यांच्याकडे. "काय अवघड आहे त्यात?" काकू म्हणाली. "चार महिने पुढं ढकलायचे. मेंढीच्या सालात नेऊन सोडायची. बापानं नोंदीत घाईनं आधीची तारीख घातली म्हणायचं. सगळं जग करतं. तुला काय, सशाच्या साली जन्मलीस, नवरा डुकराच्या सालचा, दुधात साखर! तुला कशी कळायची घोडीच्या आईची काळजी!"

फोन ठेवला तेव्हा तिचा दंड अजून उबदारच होता. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. दुधात साखर. तिच्या लग्नाच्या वेळी ज्योतिष्यानंही असंच काहीतरी म्हटलं होतं. गावातला म्हातारा, एका डोळ्यानं अधू. तो सोप्यात बसला होता आणि आई त्याला मुलीची वेळ सांगत होती. ती दाराआड ऐकत होती. सशाचं साल, दुसरा महिना, पहाट, कोंबडा आरवायच्या आधी. आई कुठंही अडखळली नाही. पाठ केल्यासारखं नव्हे. डोळ्यांपुढं दिसत असल्यासारखं सांगत होती. म्हाताऱ्यानं बोटांवर काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, जोडा उत्तम, ही मुलगी आणि हा मुलगा, जणू एकमेकांसाठीच घडवलेले. पुढं लग्नाच्या आदल्या दिवशी आई तिचे केस विंचरत असताना तिनं विचारलं, "आई, माझी वेळ कुठली?" फणी थांबली. "तुझी? दुपार असावी. लावणी चालली होती. मी चिखलातून वर आले नि..." मग आईला बहुधा वाटलं असावं, पोरीला वाईट वाटेल, ती म्हणाली, "घोड्याच्या सालातली भर दुपारची पोर कोण पदरात घेणार होतं बाई? थोरलीनं तुला रस्ता करून दिला असं समज."

त्या रस्त्यानं ती चालत आली होती. नवरा, बांगसाहेब, माणूस चांगला निघाला. रंगाच्या गिरणीत नोकरी, पिणं बेताचं, हात कधी उगारला नाही. पण तो थंडीत तिच्या पायांवर पांघरूण सारायचा, बाजारातून तिच्यासाठी पिकलेली तांबूस फळं आणायचा, तेव्हा तिच्या मनात एक बारीकशी किनार उलटी व्हायची: हे कुणासाठी? ज्योतिष्यानं जोडा जुळवला तो तिच्याशी नव्हताच. ती मध्ये बसली होती, दुसऱ्याच्या ताटावर. पहिलं मूल मुलगा झाला, पण रडलाच नाही. सासूनं पोटातला राग पोटात ठेवून तिला भगतिणीकडे नेलं. भगतीण घुंगरं हलवता हलवता एकदम थबकली आणि लहान मुलीच्या आवाजात रडायला लागली. भूक लागली, भूक लागली. सासू तिच्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या माहेरी कुणी मेलंय का? लग्नाआधी, पोरीच्या जातीचं?" ती म्हणाली, "नाही, कुणी नाही." भगतीण रडायची थांबली. इतक्या वर्षांत तिनं आपल्या माणसांना कितीदा काय काय सांगितलं असेल, पण ते "कुणी नाही" तिला सोडून गेलं नव्हतं. इनह्ये जन्मली तेव्हा तिनं सुइणीला पहिल्यांदा विचारलं होतं, रडतेय ना? आणि मग मनातल्या मनात, भिऊन, साल मोजलं होतं.

संध्याकाळी इनह्ये बँकेतून आली, मोजे काढता काढताच म्हणाली, "काकूनं सांगितलं ना तुला? मेंढी."

"तुला चालतं?"

"मला काय, उंदीर म्हणाली असती तरी चाललं असतं. चार महिन्यांनी माझं काय कमी होतंय? आजोबांना एक कागद हवाय, त्यांना कागद द्यायचा. आई, तू अशी का बघतेस?"

"मग तो ज्योतिषी जे सांगेल ते कुणाचं सांगेल? तुझं नव्हे."

"कुणाचंही सांगू दे की! मी थोडीच त्याचं ऐकून राहणाराय."

मुलगी हसत होती. तिला पोरीच्या त्या निर्धास्तपणाचा हेवा वाटला आणि भीतीही. एकदा उसनं घेतलं की ते आपलं होत नाही, हे पोरीला कसं सांगावं? कुणीतरी न दिसणारं चार महिन्यांनी मागून चालत येत राहील, आणि तुझ्या नवऱ्यानं तुझ्या पायांवर पांघरूण घातलं की तू अंधारात विचारशील, हे कुणासाठी? पण हे असलं काही तिला बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "जेवून घे."

चहाघरात ताएग्यूची आई आधीच येऊन बसली होती. जांभळा कोट, केस नुकतेच बांधून घेतलेले. उल्जिनवाली काकू दोघींच्या मध्ये, चेहऱ्यावर मध. हवापाणी झालं, कोबीचे भाव झाले. मग ताएग्यूची आई कोवळं हसून म्हणाली, "आमचं तसं काही नाही हो. पण घरात म्हातारं माणूस आहे. तेवढं मुलीचं साल-वेळ दिलंत की..." काकूनं इनह्येच्या आईला टेबलाखाली पायानं ढोसलं. तिनं तोंड उघडलं. आपण मेंढी म्हणणार आहोत असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. मुलीसाठी म्हणणारच होती. पण तोंडात ओल्या गवताचा वास आला.

"घोड्याचं साल," ती म्हणाली. "शरद ऋतूतली, संध्याकाळची. मी स्वतः जन्म दिलाय, मला वेळ माहीत आहे." आणि कुणी काही विचारलं नसतानाच पुढं म्हणाली, "मीही घोड्याच्याच सालची. भर दुपारची. सशाची माझी बहीण होती, ती मेली. तिच्या वेळेवर माझं लग्न झालं."

काकूच्या हातातला कप खाली आलाच नाही. ताएग्यूची आई बराच वेळ चमच्यानं चहा ढवळत राहिली. मग हळू आवाजात, जवळजवळ कळवळून म्हणाली, "बाई, तुम्ही हे का केलंत? इनह्ये घोड्याच्या सालची आहे हे मला ठाऊक आहे. पोरगा घरात सगळं सांगतो. मला सासऱ्यांपुढं ठेवायला एक कागद हवा होता, बस. तुम्ही खरं ते माझ्या कानात घातलंत. आता त्यांनी विचारलं तर मी खोटं कशी बोलू? न बोललेलं आणि बोललेलं, यात फरक असतो की नाही?" आणि ती खरोखरच चिडली. "खरं बोलायला तुम्हाला आजचाच दिवस सापडला!"

रस्त्यावर आल्यावर काकूनं तोंड सोडलं. "तुझ्या डोक्यात वारं शिरलंय का गं? मेलेल्या बहिणी काय काढतेस? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" ती निमूट ऐकत चालत राहिली. तिला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उलट अंग जड झालं. ओझं उतरवलं ते जमिनीवर नव्हे, पोरीच्या पाठीवर, असं वाटलं.

इनह्येनं आरडाओरडा केला नाही, हेच वाईट. खोलीच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तुला तुझ्या बहिणीला न्याय द्यायचा होता तर तुझ्या लग्नाचा दिवस निवडायचास. माझा कशाला?" आणि दार लावून घेतलं. मग ती आईशी कामापुरतं बोलू लागली. मीठ कुठंय. गाडी किती वाजता. आई ही हाक बंद झाली. तिच्याजवळ असलेलं हे एकच नाव, इनह्येची आई, तेही त्या हिवाळ्यात सैल झालं, पडेल की काय असं.

नवऱ्याला सगळं काकूकडूनच कळलं. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, बाहेर ऊन होतं, ती किमचीसाठी मुळा किसत होती. तो म्हणाला, "म्हणजे तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान."

"हो."

"मग तुझ्या साठीची मेजवानी आपण तीन वर्षं आधीच करून बसलो असतो." तो स्वतःशीच हसला. मग गंभीर झाला. "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुमचं लग्न तिच्याशी जुळलं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला, जणू भिंतीत एक दार आहे आणि इतकी वर्षं ते दिसलंच नाही. "मी तिला कधी हाक मारली?" तो म्हणाला. "यॉनशिम म्हणून? आठव बरं. एकदा तरी?" तिनं आठवून पाहिलं. खरंच, कधी नाही. अगं, ऐकलंस का, इनह्येची आई. "घरी तुला काय म्हणायचे?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. "गान्नान," तो म्हणाला, चव घेतल्यासारखं. मग थोड्या मोठ्या आवाजात, हाक मारल्यासारखं, "गान्नान!" तिचा हात किसणीवर थांबला. ती वाट बघत होती, आत कुठंतरी काहीतरी ओ देईल. पण आत कुणी हललं नाही. घरात मुळ्याचा तिखट वास होता आणि बाहेरून कुणाच्या तरी सायकलची घंटा. तिच्या मनात आलं, बापानं त्या हिवाळ्यात टेकडीवर एक पोर नेली आणि शाळेच्या त्या दिवशी दुसरी. दुसरीला तर पोतंही लाभलं नाही. तिला रडू आलं. नवऱ्याला वाटलं मुळ्यामुळे. किंवा त्यानं तसं दाखवलं.

लग्न वसंतात झालं. ताएग्यूनं आईला निर्वाणीचं सांगितलं होतं, हीच, नाहीतर कुणी नाही. आणि आजोबांच्या कानावर काय गेलं, कसं गेलं, कुणी बोललं नाही. आजोबा आले, पहिल्या रांगेत बसले, लग्नाच्या शेवया संपवल्या आणि कुणाशी एक शब्द न बोलता गेले. लोक म्हणाले, आले हेच पुष्कळ. इनह्येनं निघताना आईचे दोन्ही हात धरले. बोलली काही नाही, पण हात लवकर सोडले नाहीत. त्यानंतर कधीतरी फोनवर, सूपमध्ये सोयाबीनची चटणी किती घालायची हे विचारता विचारता, मध्येच "आई" असं म्हणून गेली. तिच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

त्यानंतरच्याच आठवड्यात इनह्येची आई एकटी माहेरच्या गावी गेली. माहेर असं राहिलंच नव्हतं. भाऊ सोल शहरात गेलेला, घर विकलेलं. टेकडीवर आता सफरचंदाची बाग होती, खालपासून वरपर्यंत, पांढऱ्या फुलांनी दाटलेली. बापानं कुठं ठेवलं होतं, वर की खाली, ओढ्याकडे की उन्हाकडे, सांगणारं कुणी उरलं नव्हतं. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून त्यावर दगड रचले असतील. ते दगड बाग लावताना कुणीतरी उचलून बांधाला टाकले असतील. ती झाडांमधून चढत गेली. माती नांगरलेली, मऊ. पाय रुतत होते. हातात तांदळाच्या गोड वड्यांचा डबा होता. लहान मूल खाईल असलंच काही तिनं आणलं होतं. कुठं ठेवावा कळेना. इथं ठेवला आणि थोरली तिकडे असली तर? ती थांबली, चार पावलं वर गेली, परत खाली आली. सगळी टेकडीच तिची, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी यातली कुठलीच जागा तिची नाही असंही. फुलांवर मधमाश्या इतक्या होत्या की हवा गुणगुणत होती, कुणी ओठ मिटून काहीतरी म्हणत असावं तशी.

"ए बाई! कोण तिकडे?" वरच्या अंगाला, बांधावर, बागेचा म्हातारा मालक काठी टेकून उभा होता. "कुणाच्या घरातली तू? इथं काय करतेस?"

तिनं मान वर केली. ऊन डोळ्यांत येत होतं. इनह्येची आई म्हणावं तर इथं इनह्येला कोण ओळखणार. ग्वाकांच्या घरातली म्हणावं तर ग्वाक गावात उरले नव्हते.

"मी यॉनशिमची बहीण," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. "कुणाची?"

"यॉनशिमची!" ती ओरडली. टेकडीच्या उतारावर ते नाव मोठ्यांदा, उघड्यावर, पहिल्यांदाच कुणासाठी तरी हाक मारल्यासारखं गेलं. "माझी थोरली बहीण. ती इथं असते."

म्हातारा थोडा वेळ तिच्याकडे, मग झाडांकडे बघत राहिला. मग काठी बगलेत धरून, जपून, रांगेतून खाली यायला लागला. "थांब," तो म्हणाला, "तिथं उतार आहे, पडशील. केवढी होती ती?"